संगणक सुरू होतो, नेट मात्र येत नाही

संगणकाच्या बिघाडांमध्ये एक प्रकार विशेष त्रासदायक असतो. यंत्र व्यवस्थित सुरू होते, पडदा उजळतो, सारी चिन्हे जागच्या जागी दिसतात. फक्त इंटरनेट येत नाही. कोणीतरी संगणक बंद करून पुन्हा सुरू करतो आणि नेट येते. सर्वांचे समाधान होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तोच प्रकार घडतो. बिघाड कायमचा असता तर एकदाचा दुरुस्त झाला असता. हा मात्र चौकशी सुरू होताच नाहीसा होतो, आणि तंत्रज्ञ येऊन पाहतो तेव्हा सारे सुरळीत चाललेले असते. तो आपले शुल्क घेतो, ‘काही नाही, सर, लूज कनेक्शन होते’ असे सांगतो आणि परत जातो.

आमच्या निवासी शाळेच्या संगणक कक्षात आम्ही या प्रकाराचा चिकाटीने पाठपुरावा केला. त्यातून जे समजले ते या स्मरणिकेत मांडावेसे वाटले, याचे कारण सिरसाळ्यासारख्या गावात हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. आमच्याकडील पुष्कळ मुलांचे आईवडील दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी बाहेर पडतात. कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी कर्नाटकात, ज्या कारखान्याची उचल घेतली असेल त्याच्या फडात. ते परततात उन्हाळ्याच्या तोंडाशी. मधल्या महिन्यांत मुलांना त्यांचा चेहरा दिसतो तो या कक्षातील पडद्यावरच. दुसरे असे की, आठवीच्या मुलांसाठी असलेल्या राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेचा अर्ज शाळेला ऑनलाइन भरावा लागतो. त्या परीक्षेत निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. ऊसतोड कुटुंबातील मुलीचे शिक्षण दहावीनंतर चालू राहणे वा न राहणे या रकमेवर ठरू शकते. अर्जाच्या अखेरच्या दिवशी सकाळी दहा वाजता पडद्याच्या कोपऱ्यात पृथ्वीगोलावर फुलीचे चिन्ह दिसले, तर त्याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगायला नको.

आमचा निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. संगणक सुरू होतानाच जोडणी अयशस्वी होत असेल आणि थोड्या वेळाने किंवा पुन्हा सुरू केल्यावर ती होत असेल, तर बहुतेक वेळा कोणतीही वस्तू मोडलेली नसते. क्रम चुकलेला असतो. एका यंत्राने प्रश्न विचारला तेव्हा उत्तर देणारे यंत्र अजून जागे झालेले नव्हते, एवढेच. म्हणून नवी केबल, नवे कार्ड, नवा राउटर असा खर्च करत सुटण्याआधी कोण केव्हा जागे होते हे पाहावे.

त्यासाठी संगणक सुरू झाल्यावर पहिल्या मिनिटात काय घडते ते माहीत असले पाहिजे.

सर्वांत आधी संगणक आणि केबलचे दुसरे टोक यांची ओळख पटते. केबल जिथे खोचलेली असते तिथला छोटा दिवा ती ओळख पटल्याचे सांगतो. दोन्ही बाजू आपण किती वेगाने बोलू शकतो ते एकमेकींना कळवतात आणि दोघींना झेपेल असा वेग ठरतो. हे काम दोन-चार सेकंदांचे आहे. दिवाच लागत नसेल तर पुढचे सारे विचार व्यर्थ आहेत. मग खरोखरच केबल, तिच्या टोकाची तुटलेली खिटी किंवा धुळीने भरलेले तोंड तपासावे. वसतिगृह आणि कार्यालय यांच्यामधून नेलेली केबल उंदरांना प्रिय असते, हेही ध्यानात ठेवावे. आणखी एक मर्यादा लक्षात असू द्यावी : या तांब्याच्या केबलची लांबी १०० मीटरपेक्षा अधिक असू नये. त्याहून लांब ओढलेली केबल कधी चालते, कधी चालत नाही, आणि हे ‘कधी’ नेमके नको तेव्हा येते.

दिवा लागला तरी संगणकाला अजून पत्ता नसतो. वसतिगृहात नव्याने आलेल्या मुलासारखी त्याची अवस्था असते. इमारतीत तो पोहोचला आहे, पण त्याला खोली नाही, खाट नाही, हजेरीपटात नाव नाही. तो दारात उभा राहून हाक मारतो, ‘इथे कोणी अधीक्षक आहेत का?’ अधीक्षक उत्तर देतात, ‘सात क्रमांकाची खाट रिकामी आहे.’ मुलगा म्हणतो, ‘मग तीच मला द्या.’ अधीक्षक वहीत नोंद करतात आणि सांगतात, ‘दिली. इतके दिवस तुझी.’ संगणक आणि राउटर यांच्यात हुबेहूब असाच चार वाक्यांचा संवाद होतो. शोध, देकार, मागणी आणि मान्यता. या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. तिचा पहिला आराखडा १९९३ साली प्रसिद्ध झाला आणि आज चालणारे रूप १९९७ साली ठरले. राल्फ ड्रोम्स यांनी तो दस्तऐवज लिहिला. त्यापूर्वी प्रत्येक यंत्राचा पत्ता हाताने लिहून ठेवावा लागे.

आता पहिल्या हाकेला उत्तरच आले नाही तर? १९९७च्या त्या दस्तऐवजात यासाठीही सूचना आहे. संगणकाने सुमारे ४ सेकंद थांबून पुन्हा हाक मारावी, मग ८, मग १६, असे अंतर वाढवत ६४ सेकंदांपर्यंत न्यावे. प्रत्येक वेळी त्यात एखाद्या सेकंदाचा फरक मुद्दाम करावा, म्हणजे वीज आल्यावर एकदम जागे झालेले सगळे संगणक एकाच क्षणी ओरडणार नाहीत. विंडोज मात्र काही हाकांनंतर आशा सोडते आणि स्वतःच स्वतःला एक पत्ता देऊन टाकते. हा पत्ता नेहमी १६९.२५४ या आकड्यांनी सुरू होतो. हे दोन आकडे ज्याला ओळखता आले त्याचे निम्मे काम झाले असे आम्ही मुलांना सांगतो. त्यांचा अर्थ स्पष्ट असतो : ‘मी विचारले, पण कोणी बोलले नाही.’ असा पत्ता घेतलेला संगणक शेजारच्या तशाच संगणकाशी बोलू शकतो, गावाबाहेर जाऊ शकत नाही. त्यानंतरही विंडोज साधारण दर पाच मिनिटांनी हाक मारून पाहते. चहा घेऊन परत आलो तर नेट आपोआप आलेले होते, हा जो अनुभव अनेकांना येतो, त्यामागे हीच पाच मिनिटे असतात.

उत्तर देणारा झोपलेला का असतो, हा खरा प्रश्न. आमच्या भागात त्याचे मुख्य कारण वीज आहे. परळीचे औष्णिक विद्युत केंद्र आमच्याच तालुक्यात. तरी दिव्याखाली अंधार ही म्हण आम्हाला नवी नाही. २०१३च्या दुष्काळात तर पाण्याअभावी ते केंद्रच बंद ठेवावे लागले होते. वीज गेली आणि परत आली की कक्षातील सारी यंत्रे एकाच क्षणी सुरू होतात, आणि तिथेच शर्यत लागते. साधा राउटर पूर्ण जागा व्हायला एक ते दोन मिनिटे घेतो. ऑप्टिकल फायबरची पेटी असेल तर तिला पलीकडच्या केंद्राशी ओळख करून घ्यायला आणखी थोडा वेळ लागतो. पूर्वीचे संगणकही फिरत्या हार्ड डिस्कचे होते. सुरू व्हायला दीड-दोन मिनिटे घेत. ते उठेपर्यंत राउटर उठलेला असे, आणि या शर्यतीचा कोणाला पत्ताही नसे.

पुढे जुन्या संगणकांत फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवण्याची पद्धत आली. तोच संगणक आता वीस-तीस सेकंदांत तयार होऊ लागला, आणि राउटर पूर्वीइतकाच सावकाश राहिला. म्हणजे संगणक वेगवान केला आणि नेट येईनासे झाले! अशा वेळी सर्वांचा संशय नव्या डिस्कवर जातो, क्वचित ती बसवणाऱ्यावरही जातो. वास्तविक दोघेही निर्दोष असतात. लवकर उठणारा मुलगा अधीक्षकांच्या बंद दारापुढे उभा राहावा, असा हा प्रकार आहे.

इथे एक बारकावा आहे, आणि तो समजला नाही तर कोडे अर्धेच सुटते. संगणक थेट राउटरला जोडलेला असेल तर राउटर उठताना केबलचा दिवा विझून पुन्हा लागतो. संगणकाला ही खूण कळते आणि तो नव्याने पत्ता मागतो. पण शाळेच्या कक्षात दहा-वीस संगणक असतात. ते सारे आधी एका स्विचला आणि स्विच राउटरला जोडलेला असतो. स्विच लगेच सुरू होतो. त्यामुळे संगणकाकडचा दिवा पहिल्यापासून तेवत असतो आणि पलीकडे राउटर केव्हा उठला हे संगणकाला कळण्याचा मार्गच राहत नाही. तो आपल्या १६९.२५४ वर समाधान मानून बसतो. घरी एका संगणकाला न होणारा त्रास शाळेत, बँकेत किंवा ग्रामपंचायतीत होतो तो यामुळे. केबल काढून पुन्हा खोचल्यावर नेट येते, त्याचेही कारण हेच. केबल सैल नव्हती. ती काढल्याने संगणकाला पुन्हा हाक मारण्याचे निमित्त मिळाले.

शहरातील एखाद्या कार्यालयाने बदललेला मोठा स्विच शाळेला देणगी म्हणून मिळतो, तेव्हा आणखी एक गोष्ट घडू शकते. अशा स्विचला केबलींचे वर्तुळ झाले आहे का हे तपासण्याची सवय असते. ही पद्धत राडिया पर्लमन या संशोधक बाईंनी १९८५ साली तयार केली आणि तिच्यावाचून मोठी जाळी उभी राहिली नसती. पण तिच्या मूळ स्वरूपात नव्याने लागलेल्या तोंडावर स्विच १५ सेकंद नुसता ऐकतो, १५ सेकंद शिकतो आणि त्यानंतरच निरोप पुढे सोडतो. म्हणजे दिवा लागल्यावरही पहिली ३० सेकंदे संगणकाची हाक भिंतीवर आदळते. संगणक ज्या तोंडांना जोडले आहेत त्यांच्यासाठी ही प्रतीक्षा वगळण्याची सोय बहुतेक अशा स्विचमध्ये असते. जाणकाराकडून ती सुरू करून घ्यावी. बाजारात मिळणाऱ्या साध्या आठ तोंडांच्या स्विचला ही भानगड नसते.

आता तपासायचे कसे? पहिली अट ही की, घाईने रिस्टार्ट करू नये. रिस्टार्ट केल्याने काम चालू होते हे खरे, पण त्याच क्षणी पुरावाही पुसला जातो. दोन मिनिटे पुराव्याला द्यावीत. केबलचा दिवा पाहावा. मग कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडून रोमन लिपीत ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा टंकावी आणि मिळालेला पत्ता वहीत उतरवावा. तो १६९.२५४ने सुरू होत असेल तर दोष पत्ता देणाऱ्यापर्यंतच्या वाटेवर किंवा त्याच्या वेळेवर आहे. अशा वेळी ‘आयपीकॉन्फिग’ पुढे जागा सोडून तिरकी रेघ आणि ‘रिन्यू’ असे टंकले की संगणक त्याच क्षणी नव्याने हाक मारतो. पत्ता मिळाला तर शर्यतीचे निदान पक्के झाले असे समजावे.

पत्ता योग्य दिसत असेल, समजा १९२.१६८.१ने सुरू होणारा, तर एकेक पाऊल बाहेर टाकावे. ‘पिंग’ नावाची आज्ञा त्यासाठीच आहे. माइक मूस यांनी ती १९८३च्या डिसेंबरात लिहिली आणि पाणबुडी शोधण्यासाठी पाण्यात सोडलेल्या ध्वनीच्या आवाजावरून तिचे नाव ठेवले. आधी राउटरला पिंग करावे. बहुधा त्याचा पत्ता १९२.१६८.१.१ असतो. तिथून उत्तर आले तर कक्षातली वाट मोकळी आहे. मग बाहेरचा एखादा आकडी पत्ता घ्यावा, उदाहरणार्थ ८.८.८.८. तिथून उत्तर नसेल तर राउटरच्या पलीकडे, म्हणजे फायबरच्या बाजूला अडचण आहे. पेटीवरचा लाल दिवा बहुधा तेच सांगत असतो, आणि तेव्हा आपल्या संगणकात हात घालण्याचे काहीच कारण नाही. आकडी पत्त्यावरून उत्तर येते पण संकेतस्थळाचे नाव टंकले की येत नाही, असे असेल तर नावाचा आकडा करून देणारी सेवा अडली आहे. राउटर उठला पण त्याची स्वतःची बाहेरची जोडणी अजून झालेली नाही, अशा मधल्या मिनिटात हे हमखास होते. त्यावर ‘फ्लशडीएनएस’ ही आज्ञा किंवा थोडा धीर, दोन्ही चालतात.

पडद्याच्या कोपऱ्यातील चिन्हावर मात्र फार विसंबू नये. विंडोज आपल्या एका ठरलेल्या ठिकाणाहून छोटासा मजकूर आणून पाहते आणि त्यावरून ‘इंटरनेट आहे’ किंवा ‘नाही’ असे ठरवते. ती चाचणी सुरुवातीला एकदा फसली की नेट आल्यावरही चिन्ह काही काळ रुसलेलेच राहते.

पत्ता मिळतो, पण भलताच, हा प्रकार आम्हाला सर्वांत फसवा वाटतो. कक्षातील सर्व संगणकांचे पत्ते १९२.१६८.१ने सुरू होतात आणि एकाचा १९२.१६८.०ने. याचा अर्थ वसतिगृहात दोन अधीक्षक झाले आहेत. वाय-फाय दूरवर पोहोचावे म्हणून कोणीतरी जुना राउटर आणून भिंतीवरच्या तोंडात खोचतो. तोही आपल्या सवयीने पत्ते वाटू लागतो. संगणकाची हाक दोघांनाही ऐकू जाते आणि जो आधी बोलेल त्याचे ऐकले जाते. म्हणूनच तोच संगणक सोमवारी चालतो, मंगळवारी चालत नाही, आणि बुधवारी शेजारचा रुसतो. कोणत्याही भुताटकीपेक्षा हा प्रकार कमी नाही. उपाय सोपा : दुसऱ्या राउटरमधील पत्ते वाटण्याची सोय बंद करावी आणि त्याला पहिल्याच्या गटातील एक मोकळा, ठरीव पत्ता द्यावा.

कधी अधीक्षक एकच असतात, पण खाटा संपलेल्या असतात. राउटरकडे वाटायला ठरावीक पत्ते असतात, पुष्कळदा शंभराच्या आसपास, आणि दिलेला पत्ता सहसा चोवीस तास राखून ठेवलेला असतो. स्नेहसंमेलनाला आलेल्या पाहुण्यांचे मोबाइल वाय-फायला जोडले गेले की त्या खाटा अडतात. पाहुणे रात्री गावी परततात, खाटा मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांच्याच नावावर असतात. पाहुण्यांसाठी स्वतंत्र वाय-फाय ठेवावे, किंवा राखण्याची मुदत दोन तासांवर आणावी.

आता घड्याळाविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण खेड्यातील संगणकांना हा रोग शहरापेक्षा अधिक होतो. लक्षण असे : पत्ता ठीक, पिंग ठीक, तरीही प्रत्येक संकेतस्थळ ‘तुमची जोडणी सुरक्षित नाही’ असे म्हणते. अशा वेळी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातील तारीख पाहावी. ती कित्येक वर्षे मागची असते. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाकडे एक प्रमाणपत्र असते आणि त्यावर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते. संगणक स्वतःला २०१२ सालात समजत असेल तर आजचे प्रमाणपत्र त्याच्या लेखी अजून जन्मालाच आलेले नाही. तो ते नाकारतो, आणि त्याच्या बाजूने पाहता योग्यच करतो.

तारीख मागे का जाते? संगणक बंद असताना त्याचे घड्याळ मदरबोर्डवरील नाण्याएवढ्या सेलवर चालते. हा सेल सीआर २०३२ या नावाने मिळतो. व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर, म्हणून २०३२. दाब ३ व्होल्ट. भिंतीच्या बटणातून संगणकाला वीज मिळत असते तोवर, संगणक बंद असला तरी, घड्याळाला त्या विजेचा आधार मिळतो आणि सेल झिजत नाही. जिथे रोज रात्री मुख्य बटण बंद केले जाते किंवा वीज वरचेवर जाते, तिथे सारा भार सेलवर येतो आणि तो लवकर संपतो. मग इंटरनेटवरून वेळ का दुरुस्त होत नाही, असा प्रश्न मुले विचारतात, आणि तो योग्य आहे. विंडोज तसा प्रयत्न करते. पण अंतर पंधरा तासांहून जास्त असेल तर ती बदल आपणहून सहसा स्वीकारत नाही, कारण इतका मोठा फरक तिला संशयास्पद वाटतो. म्हणून तारीख एकदा हाताने ठीक करावी आणि सेल बदलावा. काही थोड्या रुपयांच्या या सेलअभावी संगणक ‘बिघडलेले’ ठरून कोपऱ्यात पडलेले असतात.

विंडोजची एक सवय आणखी नोंदवायला हवी. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. ती सुरू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावर संगणक पूर्णपणे बंद होत नाही. आपल्या गाभ्याची आणि यंत्रचालकांची स्थिती डिस्कवर लिहून झोपतो आणि सकाळी तीच स्थिती उचलून उठतो. नेटवर्क कार्ड जुने असेल तर ते या अर्धवट झोपेतून नीट जागे होत नाही. ‘रिस्टार्ट’मध्ये मात्र सारे मुळापासून सुरू होते. यातून एक सुंदर कसोटी मिळते. वीज अचानक गेल्यावर संगणक सुरू केला तर नेट येते, पण रीतसर बंद करून सकाळी सुरू केला तर येत नाही, असे असेल तर संशय फास्ट स्टार्टअपवर घ्यावा आणि पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ती सोय काढून टाकावी. याउलट, रीतसर बंद केल्यावर सारे ठीक आणि वीज गेल्यानंतरच त्रास, असे असेल तर ती वर सांगितलेली शर्यत आहे. दोन्ही तक्रारी कानाला सारख्याच वाटतात. कारणे मात्र एकमेकांच्या उलट टोकांना आहेत.

उबुंटू वापरणाऱ्यांना हीच गोष्ट वेगळ्या रूपात भेटते. काही संगणक जोडणीची वाट पाहत सुरू होतानाच दोन मिनिटांपर्यंत अडून बसतात. ते अडले म्हणून बटण दाबून बंद करू नये. तो बिघाड नाही.

उपायांपैकी सर्वांत परिणामकारक उपाय सर्वांत लहान आहे. राउटर, फायबरची पेटी आणि स्विच या तिघांना वीज गेल्यावरही चालू ठेवावे. या यंत्रांना फार थोडी वीज लागते. राउटरसाठी मिळणारा छोटा बॅटरी-संच किंवा कार्यालयातील इन्व्हर्टरची एक जोडणी पुरते. संच घेताना राउटरच्या खाली लिहिलेला व्होल्टचा आकडा जुळवून घ्यावा. १२ व्होल्टच्या जागी दुसरा जुळवला तर यंत्र जळू शकते. हे तिघे अखंड जागे राहिले की शर्यतच उरत नाही. अनेक शाळांत सर्व संगणकांना यूपीएस असतो आणि राउटर मात्र साध्या बटणावर टांगलेला असतो, ही व्यवस्था आम्हाला उलटी वाटते.

तेवढी सोय नसेल तर क्रम पाळावा. वीज आल्यावर आधी फायबरची पेटी, तिचे दिवे स्थिर झाले की राउटर, मग स्विच, आणि तीन मिनिटांनी संगणक. संगणकाला वीज येताच आपोआप सुरू होण्याची सवय लावलेली असेल तर ती बायोसमध्ये जाऊन काढावी. कार्यालयातील अर्ज भरण्याचा संगणक आणि छपाई यंत्र यांचे पत्ते राउटरमध्येच राखून ठेवावेत. संगणकावर हाताने पत्ता लिहून ठेवण्यापेक्षा हे बरे, कारण हाताने लिहिलेला पत्ता राउटर दुसऱ्यालाही देऊन बसू शकतो, आणि मग एका खाटेवर दोन मुले अशी स्थिती होते.

आमच्या कक्षात नववीच्या मुलामुलींकडे एक वही सोपवलेली आहे. जोडणी आली नाही की रिस्टार्टच्या आधी तिच्यात लिहायचे : तारीख व वेळ, आदल्या वेळी संगणक रीतसर बंद झाला होता की वीज गेली होती, केबलचा दिवा, पत्त्याचे पहिले तीन आकडे, पडद्यावरची तारीख, आणि किती संगणकांना त्रास झाला. एकालाच झाला तर तो संगणक पाहायचा, सर्वांना झाला तर राउटर. महिनाभराच्या नोंदी एकाखाली एक वाचल्या की कारण बहुधा आपणहून पुढे येते. तंत्रज्ञाला दूरध्वनी करण्याची वेळ आलीच, तर ‘नेट चालत नाही’ असे न सांगता वहीतील ओळ वाचून दाखवायची. ‘वीज आल्यानंतर बारा संगणकांना १६९.२५४चा पत्ता मिळतो, रिन्यू केल्यावर ठीक होतो’, हे वाक्य ऐकल्यावर तो परळीहून निघण्याआधी सोबत काय घ्यायचे ते ठरवू शकतो, आणि पुष्कळदा त्याला निघावेच लागत नाही.